भूक थोडी, पथ्यं फार: एच. पायलोरी प्रयोगशाळेत कसा वाढवायचा

नवी बॅच आली की कोणी ना कोणी मीडिया रूमच्या दारात उभं राहून विचारतंच, "ताई, एच. पायलोरी लावायचाय, जरा भारीतलं मीडियम द्या ना." मीडियम म्हणजे जंतूंना वाढायला दिलेलं खाद्य; भारीतलं म्हणजे त्यांच्या हिशेबाने पेप्टोन (पचवलेली प्रथिनं) जास्त, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट जास्त, वर थोडं ग्लुकोज. ई. कोलायवर हात बसलेल्या पोरांना असं वाटणं साहजिक आहे. पण एच. पायलोरी (हेलिकोबॅक्टर पायलोरी) हा जंतू माणसाच्या जठरात, चिकट श्लेष्माच्या थरात राहणारा. त्याची भूक थोडी आणि पथ्यं फार. मीडियममध्ये काय घातलं यापेक्षा काय नको ते राहून गेलं, यावर तो वाढणार की मरणार हे ठरतं. मी पुण्यातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत मीडिया बनवते, प्लेटा ओतते, जार (आतली हवा बदलून प्लेटा ठेवायचा घट्ट झाकणाचा डबा) लावते. जे रोज करते तेच इथे सांगते.

त्याआधी एक. हा रोगजंतू आहे. जठराचा दाह, अल्सर आणि काही जणांत पुढे जठराचा कॅन्सर, इथवर त्याचा संबंध पोचतो. जैवसुरक्षा पातळी दोनची सोय, सेफ्टी कॅबिनेट आणि गाइडची परवानगी नसेल तर हे नुसतं वाचून ठेवा. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये याचं कल्चर स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला होता. तो प्रयोग एकदा झालेला आहे. अजूनही तोंडाने पिपेट ओढणारे काही महाभाग आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

खरी गरज किती?

१९९७ मध्ये याच्या २६६९५ या स्ट्रेनचा (वाणाचा) अख्खा जीनोम वाचून झाला. सुमारे १६.७ लाख बेस (डीएनएची अक्षरं) आणि सोळाशेच्या आसपास जीन्स. ई. कोलायकडे चार हजारांच्या वर असतात. एवढ्या कमी जीन्समध्ये सगळं घरी बनवणं शक्य नाही, म्हणून हा बराच माल तयार उचलतो.

अमिनो आम्लं सात: आर्जिनीन, हिस्टिडीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, मिथिओनीन, फेनिलॲलानीन, व्हॅलीन. काही स्ट्रेनना ॲलानीन किंवा सेरीनही लागतं. या सातांतलं आर्जिनीन सोडलं तर उरलेली सहाही आपल्याला स्वतःला अन्नातूनच घ्यावी लागतात. यजमान जेवणारच हे या जंतूने धरूनच ठेवलंय! ग्लुकोज तो वापरतो, पण त्याच्यावर विसंबून नसतो. अमिनो आम्लांवरच त्याची बरीचशी गुजराण होते, त्यामुळे जादा साखर घालून हाती काही लागत नाही.

प्युरीन त्याला मुळापासून बनवता येत नाहीत. ॲडेनीन, ग्वानीन, हायपोझँथीन असं काहीतरी तयार मिळावं लागतं, आणि साध्या मीडियमात ते यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून येतं. लोह हवंच. निकेलही हवं, कारण त्याचं युरिएज हे एन्झाइम निकेलवर चालतं. एका अख्ख्या युरिएज रेणूत बारा सक्रिय जागा, दर जागेला दोन निकेल, म्हणजे चोवीस आयन एका रेणूत. पेप्टोनच्या मीडियमात एवढं निकेल अंशाअंशाने असतंच, वेगळं घालावं लागत नाही. कोलेस्टेरॉलही तो बाहेरून घेतो, त्याला ग्लुकोज जोडतो आणि आपल्या पटलात बसवतो. रक्तातून किंवा सीरममधून ते आपोआप मिळतं.

"युरिया आवडतो ना त्याला, मग युरिया घालू का?" हा प्रश्न ठरलेला. घालू नका. जठरातल्या आम्लात युरियाचा अमोनिया करून तो स्वतःभोवतीचं आम्ल मारतो, तिथे ते त्याला वाचवतं. तुमच्या प्लेटचा पीएच आधीच ७ च्या आसपास असतो. तिथे अमोनिया झाला की पीएच वर चढतो आणि जंतू स्वतःच्याच अमोनियात मरतो. जठरात राहत असला तरी त्याला वाढायला जवळपास उदासीन पीएचच लागतो. मीडियम आंबट करून द्यायची कल्पनाही त्याच वर्गातली.

बेस आणि रक्त

आम्ही मीडियमचे दोन बेस (मूळ मिश्रणं) वापरतो, कोलंबिया आगर किंवा ब्रुसेला आगर. ब्रुसेला हे नाव बघून घाबरू नका, डब्यात ब्रुसेला जंतू नसतात. ब्रुसेला ब्रॉथच्या एका लिटरात केसीनचं पेप्टोन १० ग्रॅम, मांसाचं पेप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २ ग्रॅम, डेक्स्ट्रोज १ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि सोडियम बायसल्फाइट ०.१ ग्रॅम. आगर प्लेटसाठी यातच १५ ग्रॅम आगर. वर सांगितलेली अमिनो आम्लं आणि प्युरीन यातच भागतात. म्हणजे खाण्याचा प्रश्न डब्यावरचं लेबल वाचून वजन केलं की संपला. कोलंबियात थोडा स्टार्च असतो. तो का, ते पुढे कळेल.

१२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा). बाहेर काढल्यावर फ्लास्क वॉटर बाथमध्ये ४८ ते ५० अंशांवर येऊ द्या. घाई केली तर रक्त शिजून तपकिरी होतं, उशीर केला तर ओतताना गुठळ्या पडतात. रक्त ७ टक्के, म्हणजे ५०० मिलीला ३५ मिली. पाच ते दहा टक्क्यांत कितीही चालतं. फ्लास्क गोल फिरवत मिसळायचं, हलवून फेस आणायचा नाही. नव्वद मिलिमीटरच्या प्लेटला २० मिली तरी ओता. पातळ प्लेट आठवडाभर ओली राहत नाही आणि याला आठवडा लागू शकतो.

आता रक्त कशाला? पोरं म्हणतात लोहासाठी, हिमोग्लोबिनसाठी. थोडंफार खरं आहे. पण मुख्य काम वेगळंच. आगरमध्ये आणि पेप्टोनमध्ये असंपृक्त मेदाम्लांचे अंश राहिलेले असतात. इतर बहुतेक जंतूंना त्याची पर्वा नसते, याला ती विषासारखी लागतात. शिवाय मीडियम उजेडात ठेवलं की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड साचतो. रक्तातलं अल्ब्युमिन ती मेदाम्लं धरून ठेवतं आणि तांबड्या पेशींतलं कॅटलेज पेरॉक्साइडचा बंदोबस्त करतं. म्हणून रक्ताऐवजी ०.२ टक्के ॲक्टिव्हेटेड चारकोल, किंवा स्टार्च, किंवा ०.१ टक्का डायमिथाइल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन घातलं तरी एच. पायलोरी वाढतो. चारकोलमध्ये त्याला खाण्यासारखं काय आहे? काहीच नाही. यातच सगळं आलं.

चारकोल घेतलात तर ओतताना फ्लास्क सतत फिरवत राहा, नाहीतर पहिल्या प्लेटा फिक्या आणि शेवटच्या काळ्याकुट्ट होतील. आणि तो अँटिबायोटिकही शोषतो, तेव्हा संवेदनशीलता चाचणीसाठी तो नको.

रक्त मेंढीचं किंवा घोड्याचं. आमच्याकडे मेंढीचं येतं, ॲनिमल हाउसमधून, पशुवैद्यांच्या हातून. निर्जंतुक फ्लास्कमध्ये काचेचे मणी घालून ठेवायचे, रक्त त्यात पडू लागलं की लगेच फिरवायला सुरुवात करायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं नाही. सुरुवातीला मणी खणखण वाजतात. मग फायब्रिनचे पांढुरके धागे त्यांच्याभोवती गुंडाळायला लागले की आवाज बसतो, आणि मणी एकमेकांना चिकटून एकच गोळा फिरू लागतो. तो गोळा तळाशी राहतो, वरचं रक्त न गोठणारं झालेलं असतं. हे काम आमचे प्रयोगशाळेतले मामा इतकं झकास करतात की मी त्यात हात घालत नाही. बकरीचं रक्त स्वस्तात मिळतं म्हणून कोणी आणून देतं, पण बकरीच्या तांबड्या पेशी बारीक आणि नाजूक, लवकर फुटतात.

ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं रक्त आपल्याकडे सर्रास वापरलं जातं. या जंतूसाठी माझा त्याला ठाम नकार आहे. त्यात सायट्रेट असतं, दात्याने घेतलेलं एखादं औषध असू शकतं. आणि आपल्या देशात हा संसर्ग एवढा पसरलेला आहे की त्या पिशवीत याच जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीज असण्याची शक्यता चांगलीच मोठी. वर मानवी रक्त हाताळण्याचा धोका आहेच.

बायोप्सीवरून (रुग्णाच्या जठरातून काढलेल्या तुकड्यावरून) लावायचं असेल तर अँटिबायोटिकचं मिश्रण लागतं, कारण तोंडातले, घशातले जंतू त्या तुकड्याबरोबर येतात आणि दोन दिवसांत प्लेट भरून टाकतात. डेंट सप्लिमेंटचं प्रमाण एका लिटरला असं: व्हँकोमायसिन १० मिलिग्रॅम, ट्रायमेथोप्रिम ५, सेफसुलोडिन ५, ॲम्फोटेरिसिन बी ५. एच. पायलोरीला यातलं काही बाधत नाही. बारकावा असा, की रक्तातलं थायमिडीन ट्रायमेथोप्रिमला निकामी करतं. घोड्याचं रक्त फोडून घातलं तर त्यातलं एन्झाइम थायमिडीनचा निकाल लावतं, मेंढीच्या रक्तात ती सोय नाही. तेव्हा मेंढीच्या प्लेटवर प्रोटियस हा आगंतुक जंतू दिसला तर सप्लिमेंटच्या बाटलीला लगेच दोष देऊ नका.

हवा

इथे सगळ्यात जास्त प्लेटा वाया जातात. ऑक्सिजन ५ टक्के, कार्बन डायऑक्साइड १० टक्के, बाकी नायट्रोजन, ३७ अंश. कार्बन डायऑक्साइड त्याच्या खाण्याचाच भाग समजा, तो नसेल तर बाकी कितीही चांगलं असलं तरी वाढ धड होत नाही. ऑक्सिजन मात्र बेताचा. अगदी नसेल तरी चालत नाही.

त्यामुळे मेणबत्तीचा जार इथे कामाचा नाही. गोनोकॉकससाठी (परम्याच्या जंतूसाठी) तो ठीक. मेणबत्ती विझते तेव्हा जारमध्ये ऑक्सिजन सोळा-सतरा टक्के उरलेला असतो, आणि कार्बन डायऑक्साइड तीनेक टक्के. जारमध्ये ठेवून आतली हवा बदलणारी पाकिटं मिळतात; त्यातलं ॲनरोबिक पाकीटही चालत नाही, त्यात ऑक्सिजन पार संपतो. ॲनरोबिक आणि मायक्रोएरोफिलिक (कमी ऑक्सिजनचं), दोन्ही पाकिटं एकाच कपाटात, एकाच रंगाच्या खोक्यात असतात, तेव्हा नाव वाचून घ्या: कॅम्पायलोबॅक्टरसाठीचं, मायक्रोएरोफिलिक. जारचं लिटरमाप आणि पाकिटावरचं लिटरमाप जुळलं पाहिजे. फॉइल फाडल्यापासून मिनिटभरात झाकण बंद.

पाकिटं महाग पडतात. जारला व्हॅक्यूम पंप आणि गेज असेल तर हे करा. जारमधली तीन चतुर्थांश हवा ओढून घ्या आणि तेवढी जागा १० टक्के कार्बन डायऑक्साइड व ९० टक्के नायट्रोजनच्या सिलिंडरने भरा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे सव्वापाच. कार्बन डायऑक्साइड साडेसातच्या आसपास येतो, तेवढ्यावर भागतं. मुंबईत समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर, म्हणून तिथे गेज ५७ पर्यंत न्यायचं. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथला दाब ७१ च्या जवळ, तेव्हा ५३ वर थांबायचं. मुंबईच्या प्रोटोकॉलमधला ५७ चा आकडा इथे जसाच्या तसा उचललात तर हवेचा पाचवा हिस्साच उरतो आणि ऑक्सिजन चारच्या जवळ येतो. त्याने जंतू मरणार नाही, पण आकडा कुठून आला ते माहीत असावं.

साध्या सीओटू इन्क्यूबेटरमध्ये १० टक्क्यांवर वाढतो का? चांगला रुळलेला लॅब स्ट्रेन, इनॉक्युलम (पेरलेला जंतू) जाड आणि आत पुरेशी ओल असेल तर वाढतो. बायोप्सीच्या पहिल्या प्लेटसाठी मी तो जुगार खेळणार नाही.

ओल

कोरडी प्लेट म्हणजे मेलेली प्लेट. लॅमिनारमध्ये झाकण उघडून प्लेटा सुकवायची सवय इथे सोडा. जारमध्ये तळाला ओल्या कापसाचा बोळा ठेवा. एप्रिल-मे मध्ये पुण्याची हवा जी काही असते त्यात आमच्या इन्क्यूबेटरमध्ये पाण्याचा ट्रे रोज बघावा लागतो, पावसाळ्यात तो विसरला तरी चालतं. ओतलेल्या प्लेटा पिशवीत बांधून, अंधारात, चार अंशांवर, आणि आठवडाभरात वापरून टाकायच्या.

लावणं आणि थांबणं

बायोप्सी असेल तर रुग्णाने ॲसिडिटीच्या प्राझोल गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवलेली हवीत. कोणती गोळी कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतात, आपण फक्त फॉर्मवर नोंद आहे का ते बघायचं. तुकडा थोड्या निर्जंतुक सलाइनमध्ये यावा आणि दोन-तीन तासांत प्लेटवर जावा. जास्त वेळ लागणार असेल तर ट्रान्स्पोर्ट मीडियममध्ये, बर्फावर, चोवीस तासांच्या आत. निर्जंतुक ग्राइंडरमध्ये वाटून दोन प्लेटांवर लावा, एक अँटिबायोटिकची, एक बिनाअँटिबायोटिकची. हा जंतू विरळ पसरवलेला आवडून घेत नाही, तेव्हा चारही दिशांना रेघा ओढत बसण्यापेक्षा पहिला पट्टा जाड ठेवा.

मग थांबा. तिसऱ्या दिवसाआधी जार उघडू नका, दर वेळी उघडताना हवा बिघडते. पहिल्या वेळी बायोप्सीवरून आलेला जंतू पाच ते सात दिवस घेतो, प्लेट दहा दिवस टाकायची नाही. रॉबिन वॉरन आणि मार्शल यांच्या पर्थमधल्या प्लेटा सुरुवातीला दोन दिवसांतच फेकल्या जात होत्या. १९८२ च्या ईस्टरच्या जोडसुट्टीत काही प्लेटा इन्क्यूबेटरमध्ये तशाच राहिल्या, आणि तेव्हा कॉलनी दिसल्या. २००५ चं नोबेल या दोघांना मिळालं.

कॉलनी बारीक, एक-दोन मिलिमीटरच्या, पारदर्शक. समोरून बघितलंत तर दिसणारही नाहीत. प्लेट ट्यूबलाइटखाली तिरकी धरा, मग ओल्या चमकीतून टिपके वेगळे दिसतात. ग्रॅम स्टेनमध्ये वाकडे, गुलाबी दंडगोल. कॅटलेज आणि ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. युरियाच्या ब्रॉथमध्ये लूपभर वाढ घातली की मिनिटांतच गुलाबी होतं. तास-दोन तास थांबून गुलाबी झालं तर संशय घ्या.

सबकल्चर (नव्या प्लेटवर पुन्हा पेरणं) दर दोन-तीन दिवसांनी, एक कॉलनी नाही, सगळी वाढ खरवडून. प्लेट आठवडाभर तशीच ठेवली की वाकडे दंड गोल व्हायला लागतात आणि मग नव्या प्लेटवर उगवत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली निम्मे गोल दिसले तर त्या प्लेटमागे वेळ घालवू नका.

ब्रॉथमध्ये

ब्रुसेला ब्रॉथ, त्यात फीटल बोव्हाइन सीरम १० टक्के आणि व्हँकोमायसिन १० मिलिग्रॅम लिटरला. सीरमचं कामही तेच, मेदाम्लं धरून ठेवणं, वर कोलेस्टेरॉल. नवी बाटली आली की जुन्या लॉटशेजारी लावून बघायची, मगच ऑर्डर द्यायची. सीरम परवडत नसेल तर ०.१ टक्का सायक्लोडेक्स्ट्रिन. फ्लास्क मोठा, ब्रॉथ थोडा, म्हणजे पृष्ठभाग जास्त मिळतो. हळू शेक करा. इनॉक्युलम दोन दिवसांच्या ताज्या प्लेटवरून, ६०० नॅनोमीटरला ०.०५ ते ०.१ ओडी (गढूळपणाचं माप) येईल एवढं. दुसऱ्या दिवशी थेंब काचपट्टीवर घेऊन बघा, निरोगी असेल तर सुळसुळ पळताना दिसतो. नुसता ओडी वाढलाय म्हणून खूश होऊ नका, तो कंटॅमिनेशननेही वाढतो.

कोणतं पोषक द्रव्य खरंच लागतं हे तपासायचा प्रोजेक्ट असेल तर पेप्टोनचा उपयोग नाही, सगळे घटक माहीत असलेलं मीडियम हवं. शेजारच्या सेल कल्चर लॅबमधून हॅम्स एफ-१२ हे पेशी वाढवायचं तयार मीडियम मागून आणा. त्यात हायपोझँथीन, पायरुवेट, लोह, जस्त आधीच असतं. आरपीएमआय या तशाच दुसऱ्या मीडियममध्ये हायपोझँथीन आणि पायरुवेट नसतं, म्हणून ते नाही. एफ-१२ मध्ये मेदाम्लं धरायला अल्ब्युमिन घाला, मिलीला एक मिलिग्रॅम, आणि वाटलं तर थोडं कोलेस्टेरॉल. निकेल एफ-१२ मध्ये नाही. युरिएज मोजणार असाल तर निकेल क्लोराइड एक मायक्रोमोलर घाला, नाहीतर एन्झाइम तयार होईल पण काम करणार नाही. एक अमिनो आम्ल वगळून बघायचं असेल तर जंतू आधी दोनदा धुऊन घ्या, आणि वगळलेल्या मीडियममधून एकदा पुढे नेऊन दुसऱ्या फेरीचाच आकडा धरा. पहिल्या फेरीत तो जुन्या शिदोरीवर वाढतो.

साठवण

चार अंशांवर प्लेट ठेवून "सोमवारी बघू" हे इथे चालत नाही. दोन-तीन दिवसांची ताजी, चांगली भरलेली प्लेट घ्या. ब्रुसेला ब्रॉथमध्ये १० टक्के सीरम आणि २० टक्के ग्लिसरॉल, त्यात सगळी वाढ खरवडून दाट दुधाळ करा, लहान क्रायोव्हायलमध्ये वाटा आणि उणे ८० वर ठेवा. एका स्ट्रेनच्या निदान पाच नळ्या, आणि त्यातल्या दोन वेगळ्या जनरेटरवर चालणाऱ्या फ्रीझरमध्ये. परत उठवताना नळी पूर्ण वितळवू नका. वरचा बर्फ खरवडून, अँटिबायोटिक नसलेल्या ताज्या रक्ताच्या प्लेटवर एकाच ठिकाणी जाड थर द्या. पहिल्यांदा तीन दिवस, कधी पाच. नळीवर तारीख, स्ट्रेन आणि कितवं सबकल्चर ते अल्कोहोलने न पुसणाऱ्या पेनने लिहा.